जुने कर्ज आणि न्यायालयाचे समन्स

कर्ज चार वर्षांपूर्वीचे आहे, मग म्हापशाच्या न्यायालयातून आलेल्या समन्सकडे दुर्लक्ष केले तर चालेल का, या प्रश्नाला एकाने ‘चालेल’ असे उत्तर दिले आहे. कृपया त्यावर विसंबू नका. वसुलीच्या दाव्याला १९६३ च्या मुदत कायद्यानुसार साधारणतः ३ वर्षांची मर्यादा असते हे खरे, परंतु त्या मुदतीत आपण सहीनिशी थकबाकी मान्य केली असेल, तर ही ३ वर्षे त्या तारखेपासून नव्याने मोजली जातात, आणि मुदत उलटल्यावरही फेडीचे लेखी वचन दिल्यास त्याच्या आधारे दावा होऊ शकतो. म्हणूनच वसुलीसाठी दारात आलेल्या माणसाने पुढे केलेल्या कागदावर, तो कितीही घाई करो, वाचल्याशिवाय सही करू नये.

साध्या दाव्यात लेखी कैफियतीसाठी, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर देण्यासाठी, ३० दिवस मिळतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालचा संक्षिप्त (झटपट निकाली काढला जाणारा) दावा असेल, तर १० दिवसांतच हजेरी नोंदवावी लागते, अन्यथा वादीचे, म्हणजे दावा करणाऱ्याचे, म्हणणे मान्य समजून हुकूमनामा (न्यायालयाचा निकाल) होतो. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही. लोकअदालतीत तडजोड करताना मात्र आकडा आणि हप्ते नीट तपासा, कारण त्या निवाड्यावर अपील करता येत नाही.