मदत हवी आहे: लेझरने पाटी कोरताना शिरोरेषा तुटते

नमस्कार मंडळी, आमचं भांड्यांचं दुकान आहे, वडील आजही सुईच्या मशीनने टिपक्याटिपक्यांनी भांड्यांवर नावं घालतात, म्हणून त्याच कामाला जोड द्यायला मी १० वॅटचा डायोड लेझर घेतला, ४५० नॅनोमीटरचा, निळ्या उजेडाचा. मला कळलंय ते एवढंच की भिंग किरण एका बारीक ठिपक्यावर आणतं, तिथलं लाकूड तापून जळतं आणि हेड ओळीमागून ओळ फिरत अक्षर भरत जातं.

आता अडचण. एमडीएफवर (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीवर) घराच्या नावाची पाटी केली तर दोन अक्षरं जिथे जुळतात तिथे शिरोरेषेत बारीक कोरी फट राहते आणि रेघेच्या दोन्ही टोकांना काळा डाग पडतो. इंग्रजी नाव टाकलं तर फट अजिबात नाही. पॉवर वाढवून पाहिली, डाग अजूनच काळा झाला. दुसरं म्हणजे पारदर्शक अॅक्रिलिकवर आणि तांब्याच्या कळशीवर काहीच उठत नाही. गिऱ्हाईक थांबलंय, प्लीज सांगा.

प्रतिसाद: दादा, मशीन चांगलं आहे. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या रेघा एकमेकींवर चढतात आणि सॉफ्टवेअर तो दोनदा आलेला भाग रिकामा धरतं. लाईटबर्नमध्ये (लेझर चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) टेक्स्टला वेल्ड करा, सगळं नाव एकसंध होईल. टोकाला हेड वळताना हळू होतं म्हणून तिथे जास्त जळतं, ओव्हरस्कॅन चालू करा म्हणजे ते अक्षराच्या बाहेर जाऊन वळेल. पॉवरला हात लावण्याआधी टाकाऊ तुकड्यावर वेगवेगळ्या स्पीड-पॉवरचे चौकोन काढून बघत जा, मी प्रत्येक नवीन शीटला काढतो. पारदर्शक अॅक्रिलिकमधून निळा उजेड आरपार जातो, त्याला १०,६०० नॅनोमीटरचा सीओटू लेझर लागतो. तांबं उष्णता लगेच पसरवतं, त्याला १०६४ नॅनोमीटरचा फायबर लेझर. आणि रेक्झिन कोणी आणलं तर सरळ नाही म्हणा, ते बहुतेक पीव्हीसीचं असतं, जळलं की हायड्रोजन क्लोराईड सुटतो, छातीलाही वाईट आणि मशीनलाही गंज. चष्मा ४५० नॅनोमीटरचाच घाला, साधा गॉगल चालत नाही.

धागाकर्ता: वेल्ड केलं, रेघ सलग आली! डागही गेले. वडिलांना पाटी दाखवली तर त्यांनी आधी शिरोरेषेवरूनच बोट फिरवलं. कळशी तूर्तास त्यांच्याच सुईकडे. आता सागवानावर अक्षराभोवती धुराचा पिवळा डाग येतोय, मास्किंग टेप लावून कोरू का एअर असिस्ट (कोरताना हवेचा झोत मारणारा पंप) घेऊ?