व्हर्च्युअल मशीनवर लिनक्स: आपापले अनुभव सांगा

इंदूरकरांनो, विंडोज आहे तसं ठेवून व्हर्च्युअलबॉक्समध्ये (म्हणजे विंडोजच्या आत दुसरा, आभासी कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्रामात) लिनक्स टाकलं असेल तर कुठे अडलं आणि कसं सुटलं ते इथे लिहा, नवीन मुलांना फार उपयोग होतो. सुरुवात मी करते. रामबागेत माझ्याकडे शिकायला येतात त्या मुलांचा हात उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकताना 'इरेज डिस्क अँड इन्स्टॉल उबंटू', म्हणजे डिस्क पुसून टाका, या ओळीवर हमखास थांबतो, घरचे फोटो उडतील म्हणून. अरे, ती डिस्क म्हणजे तुमच्या विंडोजमधली एक व्हीडीआय फाइल आहे, इन्स्टॉलरला तेवढीच दिसते. बिनधास्त पुढे जा. 25 जीबी द्या, डायनॅमिक ठेवली तर भरेल तशीच वाढते.

—

ताई, मला नवीन मशीन बनवताना यादीत 64 बिटचा पर्यायच दिसेना, नुसतं 32 बिट. कॉलेजातल्या एका सीनियर दादाने सांगितलं की बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे प्रोसेसरची आभासी मशीन चालवायची सोय, बंद असणार. लॅपटॉप चालू होताना एफ2 दाबून आत गेलो, इंटेल व्हीटी-एक्स एनेबल केलं, सेव्ह केलं, झालं. एएमडी प्रोसेसरवाल्यांनी त्याच जागी एसव्हीएम हे नाव शोधा.

—

एवढं करूनही मशीन रखडत असेल तर खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतंय का बघा. दिसलं तर हायपर-व्ही, म्हणजे विंडोजची स्वतःची आभासी मशीनची सोय, आडवी आलीय, विंडोज फीचर्समधून ती बंद करायची.

—

माझा अनुभव जरा वेगळा आहे. व्हर्च्युअलबॉक्स 7.0 मध्ये आयएसओ (लिनक्सची डाउनलोड केलेली इन्स्टॉल फाइल) निवडली की तो स्वतःच सगळं इन्स्टॉल करायला घेतो, मध्ये काही विचारत नाही, मला वाटलं किती छान, आणि आत गेल्यावर सुडो (अधिकार घेऊन चालवायची कमांड) मारलं तर म्हणे हा युजर सुडोअर्समध्ये, म्हणजे ते अधिकार असलेल्यांच्या यादीत, नाही, म्हणजे स्वतःच्याच मशीनवर एक पॅकेज टाकायची सोय नाही! नंतर कळलं की पहिल्याच पानावर 'स्किप अनअटेंडेड इन्स्टॉलेशन' असा चौकोन आहे, त्यावर टिक करायची, मग इन्स्टॉलर नेहमीसारखा एकेक गोष्ट विचारतो. मला तर तेच जास्त आवडलं, टाइमझोन, कीबोर्ड, पार्टिशन सगळं आपल्या हाताने केलं की ते काय असतं ते डोक्यात बसतं. शिकायला आलाय ना, मग शिका की.

—

लॅपटॉपलाच 4 जीबी रॅम असेल तर साधं उबंटू नको, लुबंटू किंवा मिंटचं एक्सएफसीई अशी हलकी लिनक्स घ्या. मी शेवटी सिल्व्हर मॉलमधून रॅम वाढवून आणली, आता विंडोजला निम्मी, लिनक्सला निम्मी, दोघंही खुश.

—

मी रिटायर्ड माणूस, मराठी टायपिंगसाठी हे सगळं केलं. आयबस-एम17एन हे टायपिंगचं पॅकेज टाकलं, इनस्क्रिप्ट कीबोर्ड लगेच मिळाला. गेस्ट अ‍ॅडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचे आतल्या लिनक्ससाठीचे जोडप्रोग्राम) टाकल्यावर स्क्रीनही पूर्ण झाली. आता विंडोजमधलं शेअर केलेलं फोल्डर दिसतंय पण उघडत नाही, परवानगी नाही म्हणतं. कोणी सांगेल का?

—

काका, शेअर फोल्डर उघडायला तुमचा युजर व्हीबॉक्सएसएफ नावाच्या ग्रुपमध्ये घालावा लागतो. टर्मिनलमध्ये सुडो अ‍ॅडयुजर, पुढे तुमचं युजरनेम, मग ग्रुपचं नाव. त्याआधी मेनूतून एक स्नॅपशॉट (मशीनच्या आत्ताच्या स्थितीची नोंद) घेऊन ठेवा, काही बिघडलंच तर परत त्याच ठिकाणी येता येतं. आणि ग्रुप बदलल्यावर मशीन एकदा रीस्टार्ट करा, त्याशिवाय लागू होणार नाही.