घरच्या मीडिया सर्व्हरसाठी रास्पबेरी पाय घ्यावा की जुना मिनी पीसी?

खटपट्या: जेलीफिन (घरातले व्हिडिओ टीव्ही-मोबाइलवर पाठवणारं मोफत सर्व्हर सॉफ्टवेअर) लावायचं म्हटलं की लोक डोळे झाकून रास्पबेरी पाय (एका छोट्या बोर्डावरचा संगणक) सुचवतात. माझा याला विरोध आहे. पाय 5 मध्ये हार्डवेअर एन्कोडर (व्हिडिओ नव्याने बनवणारा चिपमधला खास भाग) नाही आणि एच.264 या व्हिडिओ प्रकाराचा हार्डवेअर डिकोडरही (व्हिडिओ उलगडणारा भाग) काढून टाकलाय. उरलाय तो फक्त एचईव्हीसीचा, म्हणजे एच.265 चा. समोरच्या यंत्राला फाइल जशीच्या तशी चालली नाही, की ट्रान्सकोडिंगचा (व्हिडिओ दुसऱ्या स्वरूपात बदलण्याचा) सगळा भार सीपीयूवर येतो आणि 4के चित्र अडखळतं. ऑफिसांतून निघालेला, इंटेल आठव्या पिढीचा आय5 मिनी पीसी घ्या. त्यातल्या क्विक सिंकला (इंटेलच्या चिपमधली व्हिडिओ एन्कोड-डिकोड करायची सोय) 10 बिट एचईव्हीसी जड जात नाही. सातव्या पिढीच्या खाली मात्र उतरू नका.

पेंग्विनप्रेमी: असहमत. मुळात घरात ट्रान्सकोडिंग लागतंच कशाला? अँड्रॉइड टीव्हीवरचं जेलीफिन अ‍ॅप बहुतेक फाइली थेट चालवतं, सर्व्हरने त्या नुसत्या पाठवायच्या. तेवढं पाय आरामात करतो. 4के अडखळलं तर आधी टीव्हीची लॅन पोर्ट तपासा. बऱ्याच टीव्हींत ती अजून 100 एमबीपीएसचीच असते, त्यामुळे मोठ्या ब्लू-रे फाइलींना 5 गिगाहर्ट्झ वायफाय बरं पडतं. शिवाय वीज: 7 वॅटचा फरक चोवीस तास म्हणजे वर्षाला 61 युनिट.

खटपट्या: 61 युनिट मान्य, पण सबटायटल्सचं काय? ब्लू-रेची पीजीएस सबटायटल्स ही चित्रं असतात. पाहणाऱ्या अ‍ॅपला ती दाखवता आली नाहीत तर सर्व्हर ती व्हिडिओवर छापतो, म्हणजे अख्खा व्हिडिओ पुन्हा एन्कोड. बाहेरून मोबाइल डेटावर बघताना बिटरेट कमी करायचा झाला तरी तेच.

पेंग्विनप्रेमी: त्यावर उपाय आहे. वेगळी एसआरटी फाइल (साध्या मजकुराची सबटायटल्स) ठेवा, यूटीएफ-8 या अक्षरसंकेतामध्येच. मराठी अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर आधी देवनागरी फॉन्ट आहे का ते बघा. डेबियन लिनक्सवर लोहित किंवा नोटो टाकता येतो.

डॉकरवाला: मिनी पीसी घेणाऱ्यांसाठी एक भर. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायची सोय) जेलीफिन चालवताना /डेव्ह/डीआरआय (ग्राफिक्स चिपपर्यंत पोचायची वाट) कंटेनरला द्यावं लागतं, आणि होस्टवरच्या, म्हणजे मूळ यंत्रावरच्या, 'रेंडर' ग्रुपचा (ती चिप वापरायची परवानगी असलेल्या गटाचा) क्रमांकही. तो क्रमांक प्रत्येक यंत्रावर वेगळा असू शकतो, तेव्हा कुणाच्या फाइलीतून तसाच उचलू नका. नंतर 'इंटेल जीपीयू टॉप' (ग्राफिक्स चिपचा वापर दाखवणारा प्रोग्रॅम) चालू ठेवून व्हिडिओ लावा. व्हिडिओ इंजिन शून्यावर आणि सीपीयू शंभरावर दिसला, तर क्विक सिंक चालूच झालेलं नाही.

डिस्कदक्ष: प्रोसेसरवर एवढं भांडताय, पण घोळ होतो तो डिस्कपाशी. पाय 5 ला 5 अँपिअरचा अ‍ॅडाप्टर नसेल, तर सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून 600 मिलीअँपिअरच मिळतात. 2.5 इंची डिस्क फिरायला लागताना याहून जास्त मागते आणि मधेच गायब होते. अ‍ॅडाप्टर 5 अँपिअरचा असला की मर्यादा 1.6 अँपिअर. 3.5 इंचीला स्वतःचा वीजपुरवठा हवाच.

एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणारी लिनक्सची फाइल) डिस्क यूयूआयडीने (तिच्या ओळखक्रमांकाने) लिहा आणि 'नोफेल' हा पर्याय द्या, नाहीतर डिस्क नसताना बूटच अडकतं. 'नोफेल'ची दुसरी बाजूही बघा. डिस्क माउंट झाली (जोडली गेली) नाही तर तिच्या जागी रिकामा फोल्डर उरतो, डाउनलोड त्यात भरत जातात आणि सिस्टिमची डिस्क तुंबते. त्यासाठी डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला 'चॅटर +आय' ही बदल रोखणारी आज्ञा लावून ठेवा, म्हणजे त्यात काही लिहिलंच जात नाही. जेलीफिनचा डेटाबेस एसक्यूएलाइटचा आहे; तो एसएसडीवर ठेवा, एनएफएसवर (नेटवर्कवरून जोडलेल्या फोल्डरवर) नको आणि एसडी कार्डावर तर मुळीच नको.