ओपॅसिटीचे (पदार्थ एक्स-रे किती अडवतो त्याचे) शेंडे सपाट येतायत, बॅकग्राउंड (भलतीकडून मिसळलेला प्रकाश) नक्की कशी काढायची?

गणेशखिंड_एमएस्सी
नमस्कार मंडळी, पुण्यातच एमएस्सी करतोय, गाईडनी सरावाला जुना डेटा दिलाय, क्रिस्टल स्पेक्ट्रोमीटरच्या (क्रिस्टलने एक्स-रे एनर्जीनुसार वेगळे करणारं यंत्र) फिल्मचे दोन स्कॅन, एक नुसत्या बॅकलायटरचा (सॅम्पलच्या मागून एक्स-रे टाकणारा स्रोत) आणि एक सॅम्पलच्या प्लाझ्मातून आलेला. फिल्मच्या डेन्सिटीवरून (काळेपणावरून) एक्स्पोजर (पडलेला प्रकाश) काढलं, सॅम्पलच्या स्कॅनला बॅकलायटरच्या स्कॅनने भागलं, लॉग घेतला, तर सगळ्या लाइन्सचे (ठरावीक एनर्जीला होणाऱ्या शोषणाचे) शेंडे ऑप्टिकल डेप्थ (आरपार आलेल्या प्रकाशाच्या हिश्श्याचा उणे लॉग) ३ च्या आसपास कापल्यासारखे दिसतायत, मॉडेल तिथे ५-६ सांगतंय. फिल्म सॅच्युरेट झाली असेल का? आणि लॉग घेतल्यावर बॅकग्राउंड वजा केली तर चालतं का?

पाषाणकर
प्रश्न नीट लिहिलायस म्हणून सविस्तर लिहितो. फिल्म सॅच्युरेट होते ती भरपूर प्रकाश पडला तर, आणि तुझ्या शेंड्यांवर तर प्रकाश जवळजवळ नाहीच. ही बॅकग्राउंडच आहे. समज, खऱ्या बॅकलायटरच्या ५ टक्के फालतू प्रकाश दोन्ही स्कॅनमध्ये मिसळलाय, तर सॅम्पलने सगळं गिळलं तरी तुला ०.०५ भागिले १.०५ दिसणार, म्हणजे ऑप्टिकल डेप्थ ३.०४, त्याच्या वर आकडा जाऊच शकत नाही. गंमत म्हणजे जिथे ट्रान्समिशन (आरपार आलेला हिस्सा) ०.८ आहे तिथे हीच चूक जेमतेम ५ टक्क्यांची, आणि ०.०५ आहे तिथे २० च्या वर. म्हणून लॉगनंतर वजा करणं विसर. दोन्ही स्कॅनमधून आपापली बॅकग्राउंड आधी काढ, सॅम्पलच्या स्कॅनमधून प्लाझ्माचं स्वतःचं एमिशनही काढ, मग भागाकार, मग लॉग.

क्रिस्टलवाली
पाषाणकर दादांचं बरोबर आहे, पण फिल्मच्या कडेची कोरी पट्टी मोजून तीच बॅकग्राउंड म्हणून वजा करू नकोस, सगळे तेच करतात. क्रिस्टलचं फ्लुरोसन्स (एक्स-रे पडल्यावर क्रिस्टल स्वतः सोडतं तो प्रकाश) आणि सेकंड ऑर्डर (त्याच जागी पडणारा दुप्पट एनर्जीचा प्रकाश) त्या पट्टीत धड दिसत नाहीत. ब्रॅगच्या नियमाने (कुठल्या कोनात कुठली एनर्जी क्रिस्टलवरून परततेय ते सांगणारा) १.२४ केईव्हीच्या (एक्स-रेच्या एनर्जीचं एकक) जागीच २.४८ केईव्हीचा प्रकाशही येऊन बसतो, प्लास्टिकचा फिल्टर त्याला फारसा अडवत नाही, सॅम्पलही त्या एनर्जीला बऱ्याचदा जास्त पारदर्शक असतं. ॲल्युमिनियमचा पुरेसा जाड फिल्टर असेल तर १.५६ केईव्हीच्या एजच्या (जिथे ॲल्युमिनियमचं शोषण एकदम वाढतं) जरा वर बघ, तिथे फर्स्ट ऑर्डरचं (त्या जागेच्या खऱ्या एनर्जीचं) काही उरत नाही, जे उरलंय ती बॅकग्राउंडच.

गणेशखिंड_एमएस्सी
बापरे, थँक्स ताई, एज आहे डेटात. मग एक शंका, अमेरिकेतल्या सँडिया लॅबच्या झेड मशीनवर (विजेच्या प्रचंड झटक्याने एक्स-रे तयार करणारं यंत्र) लोखंडाची ओपॅसिटी थिअरीपेक्षा जास्त आली होती ना, तीपण असलीच भानगड असेल का?

पाषाणकर
दिशा बघ की रे. बॅकग्राउंड राहून गेली तर ओपॅसिटी कमी दिसते, प्लाझ्माचं एमिशन राहिलं तरी कमीच. २०१५ चा तो निकाल उलटा आहे, १९ ते २३ लाख केल्व्हिनला, सूर्याच्या कन्व्हेक्शन झोनच्या (बाहेरचा खळबळणारा थर) तळाशी असते जवळपास तशा अवस्थेत, लोखंडाची ओपॅसिटी ३० ते ४०० टक्के जास्त. बॅकग्राउंड गरजेपेक्षा जास्त वजा झाली तर मात्र आकडा वर जातो, म्हणून तिकडचे लोकही या पायरीवर इतका काथ्याकूट करतात, आणि निफवर (अमेरिकेतलं मोठं लेझर केंद्र) वेगळ्या स्पेक्ट्रोमीटरने तेच मोजायचा घाट घातलाय.

क्रिस्टलवाली
आणि मॉडेलशी तुलना करताना स्पेक्ट्रोमीटरचं ब्रॉडनिंग (यंत्रामुळे लाइन्स पसरट होणं) मॉडेलच्या ट्रान्समिशनला लाव, ओपॅसिटीला नको. बारीक लाइन्स त्यानेही बुटक्या दिसतात, सगळा दोष बॅकग्राउंडवर ढकलू नकोस.