शब्दचर्चा : ‘उपरती’ होते की साधावी लागते?

‘उपरती’ हा शब्द वर्तमानपत्रांत बहुधा टोमण्यासाठीच येतो. अपघात होऊन गेल्यावर प्रशासनाला उपरती होते, निवडणूक तोंडावर आली की पुढाऱ्यांना होते, आणि ‘उशिरा’ हे क्रियाविशेषण तिची पाठ सहसा सोडत नाही. वेदान्ताच्या प्राथमिक ग्रंथांत मात्र शम (मन आवरणे), दम (इंद्रिये आवरणे), उपरती, तितिक्षा (सोसण्याची तयारी), श्रद्धा आणि समाधान (चित्ताची एकाग्रता) या साधकाच्या सहा संपत्तींत तिसरे स्थान याच शब्दाला आहे. एके ठिकाणी उपहास आणि दुसऱ्या ठिकाणी आत्मज्ञानाची पूर्वतयारी, असे या शब्दाचे दोन संसार कसे झाले? ‘पश्चात्ताप’ हा त्याचा मराठीतला अर्थ चुकीचा मानावा काय?

प्रतिसाद १

प्रथम व्युत्पत्ती पाहू. ‘उप’ उपसर्ग, ‘रम्’ धातू आणि ‘ति’ प्रत्यय. ‘गम्’पासून ‘गति’ होताना जसा ‘म्’ गळतो तसाच येथेही गळतो. ‘रम्’ धातूला थांबणे, स्थिरावणे आणि रमणे अशा दोन्ही छटा आहेत. मराठी ‘रमणे’ या क्रियापदात आनंदाची छटा उरली, तर थांबण्याची छटा ‘विराम’, ‘विरती’ आणि ‘उपरती’ या शब्दांत राहिली. म्हणजे मूळ अर्थ केवळ ‘थांबणे’ एवढाच आहे. त्यात पश्चात्ताप नाही आणि अध्यात्मही नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात (२.३५) श्रीकृष्ण अर्जुनाला बजावतात की महारथी तुला ‘भयाद्रणादुपरतं’, म्हणजे भीतीने रणातून माघारी फिरलेला समजतील. तेथे उपरत होणे ही नामुष्की आहे. धर्मशास्त्रातील वाटणीच्या चर्चेत तर ‘पितरि उपरते’ म्हणजे चक्क ‘वडील वारल्यावर’.

त्याच गीतेच्या सहाव्या अध्यायात (६.२५) मात्र ‘शनैः शनैरुपरमेत्’ असे येते. धैर्याने धरलेल्या बुद्धीच्या बळावर हळूहळू थांबावे, असा तो विधी आहे, आणि ‘शनैः’ (हळू) हा शब्द तेथे दोनदा आला आहे याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. थांबणे येथे क्षणाचे नसून सरावाचे आहे.

वेदान्ताच्या ग्रंथांतही या शब्दावर एकमत नाही. ‘विवेकचूडामणी’त चित्तवृत्तीने बाहेरच्या कशाचाही आधार न घेणे ही उत्तम उपरती म्हटली आहे. ‘तत्त्वबोधा’त ‘उपरम’ (उपरतीचेच दुसरे रूप) म्हणजे काय, याचे उत्तर ‘स्वधर्माचे आचरणच’ असे दोन शब्दांत दिले आहे. सदानंदांचा ‘वेदान्तसार’ मात्र विषयांपासून आवरलेल्या इंद्रियांचे तसेच आवरलेले राहणे असा एक अर्थ देऊन, विहित, म्हणजे शास्त्राने नेमून दिलेल्या, कर्मांचा विधिपूर्वक त्याग, म्हणजे संन्यास, असा पर्यायही सांगतो. एकाच्या मते कर्तव्य करीत राहणे आणि दुसऱ्याच्या पर्यायात कर्तव्यही सोडणे, इतके हे अंतर आहे. (गृहस्थांना कोणती व्याख्या सोयीची वाटते, हे सांगायला नको.) तिन्हींत समान आहे ते एवढेच, की मनाची बाहेर धावण्याची सवय मोडायची आहे, आणि सवय मोडायला दिवस लागतात.

प्रतिसाद २

वरील विवेचन संस्कृतापुरते मान्य. परंतु मराठीतला खरा बदल अर्थापेक्षा व्याकरणात झाला आहे, असे मला वाटते. आपण ‘त्याला उपरती झाली’ म्हणतो. ‘त्याने उपरती केली’ असे कोणी म्हणत नाही. भूक लागावी किंवा राग यावा तशी ती माणसाला होते, तो स्वतः काही करत नाही. जी गोष्ट साधकाने कमवायची होती, ती मराठीने त्याच्यावर येऊन पडणारी केली. शिवाय ‘मला उपरती झाली’ असे प्रथमपुरुषी वाक्य कोणी बोललेच, तर ते स्वतःची थट्टा करण्यासाठी.

कीर्तनातली वाल्या कोळ्याची कथा आठवावी. पापात वाटेकरी व्हायला बायकामुलांनी नकार दिला, त्या ठिकाणी कीर्तनकार हमखास म्हणतात, ‘वाल्याला उपरती झाली’. मराठी अर्थाने ते बिनचूक आहे. संस्कृत अर्थाने मात्र त्या क्षणी झाला तो अनुताप, म्हणजे पश्चात्ताप, आणि उपरती हे नाव शोभेल ते त्यानंतर अंगावर वारूळ चढेपर्यंत चाललेल्या बसण्याला.

‘अनुताप’ हा शब्द आपल्याकडे असताना त्याचे काम ‘उपरती’कडे का गेले, हे कोडे तसे अवघड नाही. माणूस थांबतो तो बहुतेक वेळा पोळल्यानंतर. कारणाला कार्याचे नाव मिळाले. तुकोबांनी ‘अनुतापें दोष । जाय न लगतां निमिष’ असे म्हटले आणि निमिषाचा वेग अनुतापाला दिला. तो वेग आज ‘उपरती’ला चिकटलेला दिसतो.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही आभार. मराठी अर्थ चुकीचा ठरवण्याचा आग्रह मी आता सोडतो, कारण रूढी बलवान असते. तरीही ‘त्याला उपरती झाली, पण महिन्याभरात पुन्हा तेच सुरू झाले’ हे वाक्य मी ताडून पाहिले. मराठीत ते सहज खपते. मूळ अर्थाने ते टिकत नाही, कारण जे पुन्हा सुरू झाले ते थांबलेच नव्हते. त्यामुळे वेदान्तावर मराठीत लिहिताना मी यापुढे ‘उपरम’ लिहीन किंवा ‘उपरती साधणे’ असा प्रयोग करीन. ‘उपरती होणे’ बातम्यांसाठी सोडून देईन. लेखनाविषयी एक गोष्ट: सुटा शब्द मराठीत दीर्घान्त ‘उपरती’ असा लिहावा, समासाच्या पूर्वपदी मात्र ऱ्हस्व ठेवून ‘उपरतिसाधना’ असे लिहावे.