‘करडी नीती’ म्हणजे कोणती?

चाटीगल्ली: वाचनगटासाठी न्वार, म्हणजे गुन्ह्याच्या काळोख्या वळणाच्या, चित्रकथांवर टिपण लिहितोय. ‘हंड्रेड बुलेट्स’ ही मालिका (१९९९ ते २००९) घेतली आहे. एक वयस्क माणूस येतो आणि हातात बॅग देतो. आत पिस्तूल, माग न लागणाऱ्या शंभर गोळ्या आणि तुमचं वाटोळं कुणी केलं त्याचा पुरावा. पोलीस तुम्हाला हात लावणार नाहीत, पुढचं तुमचं तुम्ही बघा. बॅग घेणारे धड चांगले नाहीत, धड वाईटही नाहीत, म्हणून त्यांना मी ‘करड्या नीतीची माणसं’ म्हटलं. मुद्रितं बघणाऱ्या मित्राने ते खोडलं. त्याचं म्हणणं, करडी शिस्त, करडी नजर, करडा आवाज म्हणतो आपण, वाचकाला ही माणसं कडक तत्त्वांची वाटतील. ‘नैतिक संदिग्धता’ मला नको, ते प्रबंधात शोभतं. दुसरं काही आहे का?

पाच्छापेठ: मित्राचं बरोबर आहे. ‘करडी छटा’ हे सिनेमाच्या पुरवण्यांनी ‘ग्रे शेड’वरून पाडलेलं नाणं. मराठीत माणसाच्या वागण्यात काळंबेरं असतं. तेच घ्या. आणि ‘न्वार’ कशाला? फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ काळा एवढाच. ‘कृष्णकथा’ लिहा.

चाटीगल्ली: कृष्णकथा म्हटल्यावर लोक गोकुळातल्या गोष्टी समजतील, सर. आणि काळंबेरं म्हणजे लपवलेलं कपट. इथं तर सगळं उघड्यावर आहे.

ताणाबाणा: मी सोलापूरच्या पूर्व भागातला, घरात माग होते. धूपछाव कापडात उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. आमच्या तेलुगूत पडुगू आणि पेका. दोन रंग मिसळून तिसरा होत नाही. कापड हलवलं की कधी हा दिसतो, कधी तो. तुमची माणसं तशीच आहेत. ‘धूपछावी माणसं’ का नको?

पाच्छापेठ: धूप हिंदी आहे.

ताणाबाणा: माझ्या आजोबांनी आयुष्यभर तोच शब्द वापरला. सोलापुरात पिढ्यान् पिढ्या बोलला गेलेला शब्द परका कसा?

शाईदौत: मला धूपछाव पटतो, कारण त्यात करडा नाही. फ्रँक मिलरची ‘सिन सिटी’ (१९९१ पासून) बघा, बहुतेक पानं निव्वळ काळ्या-पांढऱ्यात, मधली छटाच नाही. कपाळावर सावली पडते आणि अर्धा चेहरा शाईत जातो. तरी माणूस बरा की वाईट ते ठरवता येत नाही. हिंसाही तशीच. एका चौकटीत हात उगारलेला, पुढच्या चौकटीत माणूस पडलेला. मधल्या कोऱ्या पट्टीत घाव घालतो तो वाचक. म्हणून नुसतं ‘हिंसक चित्रकथा’ लिहू नका, त्यात आपण बाहेर राहतो.

हुतात्माचौक: ही संदिग्धता अमेरिकेत नियम करून बंद केली होती. १९५४च्या कॉमिक्स कोडमध्ये, म्हणजे तिथल्या चित्रकथा प्रकाशकांच्या नियमावलीत, होतं की दर वेळी चांगल्याचा वाईटावर विजय झाला पाहिजे आणि गुन्हेगाराला शिक्षा झाली पाहिजे. मुखपृष्ठावर ‘क्राइम’ हा शब्द नावातल्या इतर शब्दांहून मोठा छापायलासुद्धा बंदी.

सेटलमेंटवाला: ‘गुन्हेगार’ शब्दावर कुणीच थांबलं नाही, म्हणून लिहितो. माझे आजोबा इथल्या सेटलमेंटमध्ये वाढले. तारेचं कुंपण, हजेरी. त्यांनी काय केलं होतं? जन्म घेतला होता. १८७१च्या कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, कायदा गेला १९५२ साली. ‘विमुक्त’ हा शब्द त्यानंतरचा, तरी वस्तीचं नाव आजही सेटलमेंटच आहे. गुन्हा कोण ठरवतं, हा या चित्रकथांचा खरा प्रश्न आहे आणि आमच्या घरात तो चित्रकथा येण्याआधीपासून आहे. टिपणात माणसाला ‘गुन्हेगार’ लिहाल तिथे त्याने काय केलं तेही लिहा. खून केला तर खुनी म्हणा.

चाटीगल्ली: काका, हे टिपणात घेतो. मथळ्यातून ‘गुन्हेगारी’ काढतो. पण त्या माणसांना म्हणू काय?

पाच्छापेठ: सेटलमेंटवाले म्हणतात ते मान्य. पण धूपछावला माझा विरोध कायम. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांमधला काळापहाड कायदा मोडायचा आणि वाचक त्याच्याच बाजूने असायचे. तेव्हा कुणाला वेगळा शब्द लागला नाही.

अक्कलकोटकर: ‘करडा’ मूळचा कन्नड असणार. आमच्याकडे ‘करि’ म्हणजे काळा. आणि ‘करडी’ म्हणजे अस्वल. मी लहानपणी ‘करडी नजर’ ऐकलं की मला अस्वलाची नजर वाटायची.

कोरडवाहू: करडी म्हणजे करडई. इकडे बार्शी, मोहोळकडं करडीचंच तेल खात आलो आपण. करड्याचा उगम तिथेच असेल.

अक्कलकोटकर: करडईचं फूल पिवळं, पिकल्यावर केशरी. दाणा पांढरट. करडा रंग कुठून येणार?

कोरडवाहू: रंगाचं नाही म्हणत मी. झाडाला काटे असतात, काढणीला हात सोलतात. करडा आवाज, करडी शिस्त यातला कडकपणा त्या काट्यांचा.

पाच्छापेठ: हे पटण्यासारखं आहे. पण मग काट्याचा करडा आणि रंगाचा करडा वेगळे धरायचे का? कन्नडमध्ये काटेरी अर्थाचा काही शब्द आहे का, अक्कलकोटकर?

अक्कलकोटकर: काट्याला ‘मुळ्ळु’. त्याचा करडईशी काही संबंध नाही. अस्वलाचा बघा.