मदत हवी आहे: लुआंग प्राबांगहून हनोईला रस्त्याने, कुठल्या सीमेवरून?

नोव्हेंबरात मैत्रीण आणि मी थायलंड-लाओस-व्हिएतनाम करतोय. चिआंग खोंगहून लाओसमध्ये शिरून मेकाँग नदीवरची लुआंग प्राबांगपर्यंतची दोन दिवसांची संथ बोट घ्यायची, रात्री वाटेत पाकबेंगला मुक्काम, एवढं पक्कं; ती बोट कशासाठीही सोडायची नाही.

अडलंय पुढे. व्हिएतनामच्या ई-व्हिसाच्या अर्जात प्रवेशाची सीमाचौकी आधीच लिहावी लागते. हनोईची थेट स्लीपर बस कुठल्या चौकीवरून जाते, हे प्रत्येक एजंट वेगळंच सांगतोय. म्हणून टप्प्याटप्प्याने, तायत्रांगच्या सीमाचौकीवरून व्हिएतनाममधल्या दिएन बिएन फूला आणि तिथून हनोईला, असं जायचा विचार आहे. विमान बजेटात बसत नाही (माणशी रोज 2000 रुपये).

अलीकडे भारतीय पासपोर्ट आणि ई-व्हिसावर कुणी तायत्रांगहून गेलंय का? वाटेत लाओसमधल्या मुआंग खुआला मुक्काम करावाच लागतो का?